घाटाची नजर : चिलीम, पाइप आणि आपला परिसर



२००३ च्या कायद्यानुसार शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. मी तर थेट शाळेच्या सभागृहातच चिलीम आणि पाइप या विषयावर बोलायला उभा राहिलो आहे. तेव्हा आरंभीच सांगतो, की मी विकायला काही आणलेले नाही आणि तंबाखूची वकिली करण्याचाही माझा हेतू नाही. तिने या परिसरातील किती घरांत खोकला आणि अकाली मरण आणले, हे येथे बसलेल्यांना वेगळे सांगायला नको. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्या आपल्या सुतारकामाच्या गुरुजींनी जन्मात कधी तंबाखू ओढली नाही. आणि तरीही फावल्या वेळात त्यांनी आयुष्यभर लाकडाचे पाइप कोरले. हे कोडे मला विद्यार्थिदशेत पडले होते, आणि पुढे साहित्याच्या अध्यापनात सारी उमेद घालवूनही ते पूर्ण सुटले असे वाटत नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या कोड्याभोवती घातलेली एक प्रदक्षिणा आहे.

प्रथम थोडा इतिहास. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि जुन्या मध्य प्रांतात तिचे पडसाद लवकर उमटले. सूतकताई, शेती, सुतारकाम हे विषय शाळेच्या वेळापत्रकात आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बाघ नदीच्या दोन्ही काठांवर मराठी आणि पोवारी बोलणारी माणसे मात्र जिथल्या तिथे राहिली. आम्ही शाळेत आलो तेव्हा बुनियादी शिक्षणाचा उत्साह ओसरला होता. उरली होती ती एक कौलारू पडवी, चार रंधे, दोन वाकस, काही पटाशा, एक सामता आणि गुरुजी.

गुरुजी शिक्षक होण्यापूर्वी मँगनीजच्या एका खाणीवर सुतार होते. तेथील एका साहेबाच्या पाइपाची दांडी तुटली, ती सांधून द्यायला गुरुजींच्या हाती आली. एवढीशी वस्तू, पण तिच्या बरोबरीची दांडी करायला त्यांना आठ दिवस लागले, असे ते सांगत. नवी दांडी जाडीला बरोबर होती, लांबीला बरोबर होती, तरी ती 'दुसऱ्याची' दिसत होती. हे का होते, ते शोधण्यासाठी त्यांनी पहिला पाइप कोरला. शोध संपला नाही आणि पाइपही संपले नाहीत.

आता या वस्तूच्या कुळाकडे वळतो.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती दख्खनमध्ये चांगली रुळली होती, उत्तरेत मात्र तिची ओळख नव्हती. अकबराने विजापूरच्या आदिलशाही दरबारात पाठवलेला वकील असद बेग परतताना तंबाखू घेऊन गेला, आणि बादशहापुढे ठेवण्यासाठी त्याने एक नळी तयार करवली. तिचे वर्णन त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. दांडी अचीनहून, म्हणजे सुमात्रा बेटावरून आलेली, तीन हात लांब, वाळवून रंगवलेली. दोन्ही टोकांना रत्ने आणि मिनाकाम. मुखाशी येमेनी अकिकाचा लंबगोल तुकडा. तंबाखू जाळण्याचे पात्र सोन्याचे. अकबराने हकिमाच्या नापसंतीला न जुमानता दोन-तीन झुरके घेतले, ही हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत नेहमी येते. मला तिच्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. या नळीचा प्रत्येक भाग निराळ्या देशातला होता, निराळ्या कारागिराने केलेला होता. तीन हातांच्या दांडीला केवढा अकीक शोभेल, हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते, कारण तशी वस्तूच या देशात नवी होती. कोणीतरी तो तुकडा दांडीच्या टोकाशी धरून पाहिला असेल, मान हलवली असेल, दुसरा धरला असेल. आपल्या देशात धूम्रनलिकेच्या घाटाचा विचार लिखित रूपात प्रथम डोकावतो तो मला येथे दिसतो.

पुढच्या अर्धशतकात ही नळी दरबारातून थेट चव्हाट्यावर आली. तुकोबांच्या गाथेत ढोंगी साधूंची खरडपट्टी काढणारा एक अभंग आहे, आणि त्या साधूंच्या तोंडी तंबाखूची नळी आहे. तुकोबांचे वैकुंठगमन १६५० चे. म्हणजे विजापुराहून आग्र्याला नवलाची वस्तू म्हणून गेलेली नळी अवघ्या चार-पाच दशकांत देहूच्या परिसरात लोकांना ओळखीची, आणि संतांना खटकण्याइतकी सार्वत्रिक झाली होती.

श्रीमंतांकडे हुक्का गेला. त्याच्या घाटाचा इतिहास पाहायचा तर बिदरला जावे लागते. बिदर जिल्ह्यात, भालकीकडे, आजही मराठी ऐकू येते. तेथील बिदरी काम म्हणजे जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेली वस्तू, तिच्यावर चांदीची जडवणूक, आणि शेवटी जुन्या किल्ल्यातील मातीत नवसागर कालवून तिच्या लेपाने धातूला आणलेला काळा रंग. चांदी तशीच शुभ्र राहते, जस्त काळे होते. जुनी हुक्क्याची पात्रे गोल आहेत, नारळासारखी. त्यांना टेकायला खाली वेगळे कडे लागे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घंटेच्या आकाराची पात्रे येतात, रुंद बुडाची, आपल्या आधाराने उभी राहणारी. संग्रहालयांत ही दोन्ही रूपे शेजारी ठेवलेली असली की पाहणारा नक्षीकडे पाहतो. मी गुरुजींच्या तालमीतला असल्यामुळे आधी बुडाकडे पाहतो. कडे हरवले की गोल पात्र कलंडते. घंटेला ती भीती नाही. आता घंटेचे बूड रुंद झाले की मान उंच करावी लागते, नाहीतर वस्तू बसकी दिसते. मान उंच झाली की खांद्याचा उतार बदलतो. एका जागी केलेला बदल सगळीकडे फिरतो. गुरुजी म्हणत, "एक कोपरा घासला की बाकीचे तीन ओरडतात."

हुक्का आपल्या परिसरात फारसा नव्हता. आपली होती ती चिलीम.

आठवडी बाजारात कुंभार मडकी मांडून बसत, आणि मडक्यांच्या पायथ्याशी चिलमींचा ढीग असे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथाचा (१९१६) चौथा खंड कुंभारांपासूनच सुरू होतो. हा योगायोग वर्णक्रमाचा असला तरी मला आवडतो. चिलीम करताना कुंभार चाकावर मातीचा उंच गोळा चढवी आणि त्याच्या शेंड्यातूनच एकामागून एक चिलमी उतरवी. बोटाच्या दाबाने तोंड उमले, खाली निमुळती मान येई, ओल्या दोऱ्याने ती कापली जाई. मग काडीने आरपार भोक. माप म्हणून त्याच्यापाशी बोट, पेर आणि मूठ एवढेच होते. बरे, चाकावर दिसते ती चिलीम खरी नव्हेच. वाळताना आणि आव्यात भाजताना माती आटते. मातीच्या जातीप्रमाणे कमी-अधिक, पण सुमारे दहावा हिस्सा. म्हणजे कुंभाराला ओल्या वस्तूत कोरडी वस्तू दिसावी लागते. जी चाकावर सुबक दिसते ती आव्यातून किरकोळ होऊन येते. जी चाकावर अंमळ थोराड दिसते ती बरोबर उतरते. शिकाऊ पोराच्या डोळ्याला हे पटायला दोन-तीन पावसाळे जात असतील.

चिलमीचा आतला भाग तर बाहेरून दिसतच नाही. तंबाखू खाली ओढली जाऊ नये म्हणून मानेच्या तोंडाशी आत खडा टाकतात. हा खडा अगदी गोल चालत नाही, धूर जायला फट हवी. आतला उतार फार सरळ असेल तर खडा घसरून मानेत अडकतो, फार पसरट असेल तर तंबाखू नीट पेटत नाही. मानेला ओली छापी गुंडाळतात. ती धरायला मूठ बसली पाहिजे, मुठीच्या पोकळीतून दम ओढायचा असतो. म्हणून मानेची जाडी माणसाच्या मुठीने ठरवली, तोंडाची रुंदी चिमूटभर तंबाखूने आणि एका निखाऱ्याने ठरवली, लांबी धूर निवायला लागणाऱ्या अंतराने ठरवली. साईसच्चरितात चांद पाटलाच्या भेटीची कथा आहे. बाबा चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढतात आणि सटका आपटून पाणी काढतात, ते पाणी छापी भिजवण्यासाठी. शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रातही जानकीराम सोनाराने विस्तव नाकारल्यावर काडीने चिलीम पेटते. चमत्कार भाविकांचा विषय. मी त्या दोन कथांतील निखारा, छापी आणि काडी यांकडे पाहतो. सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला चिलमीचे अंग न् अंग ठाऊक होते, म्हणून त्या कथा तशा रचल्या गेल्या. आजच्या मुलाला छापी म्हणजे काय, हे टीप देऊन सांगावे लागेल.

जंगलाच्या बाजूला, बैहरकडे आणि पुढे मंडला, बस्तरकडे, मातीच्या चिलमीइतकीच पानाची चोंगी चालत असे. पान गुंडाळायचे, तंबाखू भरायची, ओढायची, टाकून द्यायची. व्हेरिअर एल्विन १९३२ पासून मंडला भागात राहिले. त्यांचे सहकारी शामराव हिवाळे हे मराठी गृहस्थ. परधानांवरील त्यांचा ग्रंथ १९४६ चा आहे. एल्विन यांचे मध्य भारतातील आदिवासी कलेवरचे पुस्तक १९५१ चे. त्यात लाकडी फण्या आणि इतर कोरीव वस्तू पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. कोरणाऱ्याने रिकामी जागा कोठे सोडली, ती पाहण्यासारखी आहे. जेथे अंगठा टेकतो तेथे नक्षी क्वचितच असते.

आता पाइपाकडे येतो, म्हणजेच गुरुजींकडे.

युरोपात आधी मातीचे पाइप होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समधील सेंट क्लोद या डोंगराळ गावात भूमध्य समुद्रकाठच्या एका झुडपाच्या बुंध्यातील गाठ वापरात आली. ब्रायर म्हणतात ती हीच. हे लाकूड दाट असते, उष्णता सोसते, लवकर जळत नाही. साहेबांचे पाइप त्याचे होते. गुरुजींना ते मिळणे शक्य नव्हते. ते शिसव घेत, कधी बाभळीच्या बुंध्याजवळची गाठ घेत. पाइपाची मापे तशी ठरलेली आहेत. तंबाखूचा खळगा साधारण पाऊण इंच रुंद आणि त्याच्या दुप्पट खोल. भिंत पाव ते तिसरा हिस्सा इंच. दांडीतून येणारे बारीक भोक खळग्याच्या नेमके तळाशी, मधोमध उघडले पाहिजे. वर उघडले तर तळाची तंबाखू ओली राहून फुकट जाते. खाली गेले तर बूड पातळ होते. गुरुजी आधी भोके पाडत आणि मग बाहेरचा आकार काढत. त्यांचे कारण साधे होते : सामत्याने भोक वाकडे गेले तर अजून ठोकळाच वाया जातो, आठ दिवसांचे काम नाही. डेन्मार्कमध्ये सिक्स्टन इवारसन (१९१०–२००१) हा कारागीर याच्या उलट करी, असे सांगतात. तो आधी लाकडाच्या रेषा पाहून आकार काढी आणि मग भोक पाडी, त्यामुळे आकाराला मोकळीक मिळे. हाताने कोरलेल्या डॅनिश पाइपांची सगळी परंपरा त्याच्यापासून मोजतात. त्याचीही सुरुवात तुटलेले पाइप दुरुस्त करण्यापासून झाली. गुरुजींना त्याचे नाव कधी कळले नाही. मला ते फार उशिरा कळले, तेव्हा सांगायला गुरुजी नव्हते.

गुरुजी आम्हांला पाइप शिकवत नसत. शाळेत ते शोभलेही नसते. आम्ही पाट, पोळपाट, चमचे करत असू. पण नजर तयार करण्याची त्यांची रीत तीच होती. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "घरचा लोटा पाटीवर काढा." रोज ज्याने पाणी पितो, त्या लोट्याचा गळा केवढा आणि पोट केवढे, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आले नाही. कोणाचा लोटा घागरीसारखा, कोणाचा फुलपात्रासारखा. ते रागावले नाहीत. आठवडाभर रोज तोच लोटा काढायला लावला. चौथ्या दिवशी माझ्या ध्यानात आले, की लोट्याचे पोट मध्यावर नसते, मध्याच्या किंचित खाली असते. या शोधाचा मला जो आनंद झाला, तो पुढे पदव्या मिळाल्यावर झाला नाही.

फूटपट्टीला मनाई नव्हती, पण ती शेवटी. आधी डोळा, मग हात, मग पट्टी, हा त्यांचा क्रम. संध्याकाळी कंदील लावून ते आमची वस्तू भिंतीवरच्या सावलीत पाहायला लावत, कारण सावलीत लाकडाचा रंग नाही, चकाकी नाही, नुसती कड राहते. कधी वस्तू उलटी धरायला सांगत. उलटी धरली की ती चमचा किंवा पोळपाट राहत नाही, ओळखीचा आधार सुटतो आणि वाकडेपणा आपसूक दिसतो. आणि कोणी घाईने "झाले" म्हटले, की त्यांचे ठरलेले उत्तर असे : "शिळे होऊ दे." काम रात्रभर ठेवायचे आणि सकाळी पडवीत शिरताना दारातून पहिल्या नजरेला काय खटकते, ते लक्षात ठेवायचे. दुसरी नजर मानायची नाही, ती आपल्या कष्टांची कीव करते.

यानंतरचा प्रसंग सांगताना आजही संकोच वाटतो. मी पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी नागपूरला निघालो, तेव्हा गुरुजींनी मला एक पाइप दिला. "ओढू नको. बघ," एवढेच म्हणाले. शिसवीचा, बुटका, थोड्या वाकलेल्या दांडीचा पाइप होता. वसतिगृहाच्या खिडकीत तो वर्षभर राहिला. मी त्या काळात पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्र नुकते वाचू लागलो होतो, मासिकांतून पाइपांची चित्रे पाहत होतो, आणि मला वाटू लागले की गुरुजींच्या पाइपाचे बूड जड आहे. सगळा पाइप रेखीव, तेवढे बूड खेडवळ. खरे सांगायचे तर त्या दिवसांत मला आपल्याकडचे सगळेच खेडवळ वाटू लागले होते. माझ्या मराठीतले 'काहून' आणि 'येथी-तेथी' ऐकून वर्गात हशा पिकला होता, आणि मी माझी बोली घासून-पुसून प्रमाण भाषेच्या मापात बसवण्याच्या नादात होतो. एका रविवारी कानस आणि पॉलिशपेपर आणून मी पाइपाचे बूडही घासले. तो दिसायला फार सुंदर झाला. मित्रांनी वाहवा केली. त्यांतील एक जण पाइप ओढणारा होता. त्याने तो मागून घेतला. महिन्याभरात बुडाशी काळा डाग आला, मग हाताला चटका बसू लागला, आणि एक दिवस निखारा सरळ त्याच्या धोतरावर पडला.

दिवाळीच्या सुटीत मी तो पाइप घेऊन गुरुजींकडे गेलो. त्यांनी तो उजेडाकडे धरला, भोकातून पाहिले, आणि अंगठा बुडावरून फिरवला.

"घासलास?"

"हो, गुरुजी."

"काहून रे?"

"बुडाशी जड वाटत होता."

"जड वाटत होता, का जड दिसत होता?"

मी गप्प राहिलो. त्यांनी पाइप खिशात टाकला आणि माझ्या आईची चौकशी केली.

पुढे मी चौतीस वर्षे मराठी शिकवले. 'आकृतिबंध' हा शब्द मी वर्गात इतक्या वेळा उच्चारला असेन, की त्याची मोजदाद नाही. आणि प्रत्येक वेळी त्या अंगठ्याची आठवण येऊन जरा चाचरलो. बा. सी. मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन महात्मता' (१९४१) पासून पुढे 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) पर्यंत जो विचार मांडला, त्यात संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तीन नियम येतात. मराठी समीक्षेला एवढी काटेकोर मांडणी त्याआधी फारशी ठाऊक नव्हती, आणि मी त्या विचारावर पोसलेला माणूस आहे. परंतु मर्ढेकरांचे सौंदर्य उपयोगापासून स्वतंत्र आहे. गुरुजींच्या पाइपाच्या बाजूने बोलायचे तर दांडीची लांबी आणि भांड्याची उंची यांचा संवाद खरा. वाकलेली दांडी आणि सरळ भिंत यांचा विरोध खरा. पण बुडाचा जो 'समतोल' मी दुरुस्त केला, त्याचे दुसरे पारडे आत होते, जळणाऱ्या तंबाखूत. ते न पाहता तोलले म्हणून मी चुकलो.

मग सगळे उपयोगातच आले का? तेही मला म्हणवत नाही. गुरुजींनी एकदा पाच पाइप ओळीने मांडले होते. पाचांचे खळगे सारखे, भिंती सारख्या, सगळे ओढायला सारखेच चालले असते. आम्ही दहा-बारा जण होतो. आठ-नऊ जणांचा हात तिसऱ्याकडे गेला. का, ते कोणालाच सांगता आले नाही. येथे मर्ढेकर पुन्हा दारात येऊन उभे राहतात, आणि मी त्यांना आत घेतो.

आपल्या शिल्पशास्त्रात याचे एक उत्तर आहे. मूर्तीची मापे वार-फुटांत नसतात, तालात असतात. ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी. त्याची बारा अंगुळे. मूर्ती नवताल असो वा दशताल, मोजमाप मूर्तीच्या स्वतःच्या मुखाने होते. म्हणजे पट्टी बाहेरून येत नाही, वस्तूतूनच निघते. कुंभाराची मूठ आणि शिल्पकाराचा ताल या एकाच घरातल्या गोष्टी आहेत. आपल्या भाषेनेही हे जपले आहे. बेताचे, आटोपशीर, सुबक, ठेंगणेठुसके, डौलदार : यांतील एकही शब्द इंचांत सांगता येत नाही, आणि एकाचाही अर्थ संदिग्ध नाही. 'प्रमाण' या शब्दाचे मात्र मला भय वाटते, कारण त्याचे तीन अर्थ आहेत : परस्पर माप, पुरावा, आणि ज्याला सगळ्यांनी मान्य करावे असा नमुना. पहिला अर्थ गुरुजींचा. तिसऱ्याने मी पाइपाचे बूड घासले. आणि 'घाट'! मोल्सवर्थच्या कोशात या शब्दाखाली नदीचा घाट आहे, डोंगराचा घाट आहे आणि भांड्याचा घाटही आहे. आपल्या जिल्ह्याचे नावच बालाघाट, म्हणजे घाटावरचा मुलूख. भांड्याचा घाट तेवढा 'घडणे' या क्रियापदाच्या कुळातला; तो करावा लागत नाही, घडावा लागतो, असे म्हणण्याचा मोह मला होतो, पण कुंभाराने ते ऐकले तर तो हसेल.

चिलीम आपल्या बाजारातून का गेली, हेही सांगायला हवे. तिला कोणी बंदी घातली नाही. तिला बिडीने घालवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोंदियाला बंगाल-नागपूर रेल्वे आली, विसाव्याच्या पहिल्या दशकात गोंदिया-बालाघाट-जबलपूर हा अरुंद मार्ग झाला. गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी येथील तेंदूचे पान हेरले. पान विपुल, हात विपुल, वाहतुकीला रेल्वे. चिलीम ओढायला बैठक लागते, विस्तव लागतो, चार माणसे लागतात. बिडी खिशात मावते आणि कामावर उभ्याउभ्या ओढता येते. खाणीला, रेल्वेला, ठेकेदाराला असा माणूस हवा होता. पुढे मध्य प्रदेशाने १९६४ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये तेंदूपानाचा व्यापार सरकारच्या ताब्यात घेतला. तेव्हापासून नदीच्या या काठावर पन्नास पानांचा पुडा आणि त्या काठावर सत्तर पानांचा. झाड तेच, जंगल तेच.

परंतु बिडी वळणाऱ्या बायांचे हात ज्याने लक्षपूर्वक पाहिले आहेत, तो त्यांना यंत्र म्हणणार नाही. भिजवलेले पान फर्म्यावर ठेवून कातरीने कापायचे, चिमटीने जर्दा टाकायचा, तो एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी पडला पाहिजे, मग गुंडाळून रुंद तोंड नखाने मुडपायचे आणि दोरा बांधायचा. हजार बिड्यांवर मजुरी. तपासणारा सैल आणि घट्ट बिड्या बाजूला काढी, त्यांचे पैसे बुडत. वजनकाटा कोणापाशीच नसे. चिमटीला जर्दा किती, हे अंगठा सांगे. बिडी पाहा : एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळती. चोंगीचा तोच घाट, चिलमीचा तोच घाट. वस्तू स्वस्त झाली, लहान झाली, तिची किंमत पैशांत आली, तरी तो उतार सुटला नाही. त्या बायांच्या छातीत तंबाखूची धूळ गेली, हेही त्याच वाक्यात म्हटले पाहिजे. त्यांची नजर आम्ही कधी कला म्हटली नाही, कारण ती आम्हांला फार जवळ होती आणि फार गरीब होती.

गुरुजी गेले, त्यानंतर त्यांच्या मुलाने मला घरी बोलावले. माळ्यावर एक खोके होते, आत वर्तमानपत्रांत गुंडाळलेले पाइप. बहुतेक त्यांनी लोकांना देऊन टाकले होते. चारच उरले होते. तीन पुरे झालेले. चौथा माझा. त्याच्या बुडातील भोक त्यांनी बुजवले होते. आतल्या बाजूने निमुळती, बाहेर रुंद अशी बाभळीची खुंटी बसवली होती, शिसवीच्या काळ्यावर बाभळीचा तांबूस ठिपका स्पष्ट दिसतो. मी घासलेले बूड त्यांना पूर्ववत करता आले नसते, लाकूड परत येत नाही. पण खुंटी बाहेर किंचित उंच ठेवून त्यांनी अंगठ्याला टेकण्याइतकी जाडी आणली आहे. तो पाइप आता दिसायला तितका सुंदर नाही. हातात मात्र तो पूर्वीसारखा बसतो.

चारही पाइप त्यांच्या कुटुंबीयांनी शाळेला दिले आहेत आणि ते मागच्या टेबलावर ठेवले आहेत. काचेत ठेवू नयेत, अशी मी मुख्याध्यापकांना विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. विद्यार्थ्यांनी आधी डोळ्यांनी पाहावेत, मग हातात घ्यावेत. पट्टी हवी असेल तर ती पडवीत खिळ्याला टांगलेली आहे.